कुड्याच्या सालीच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की साल कडू जहर आहे, आठवडाभर काढा घेऊनही पोट साफ झालं नाही, उलट गच्च झालं, आणि दुसरीकडे हीच साल निम्म्या भावात आणि कमी कडू मिळते.

आधी पोटाचं बोलू. काढा आजच बंद करा. कुड्याची साल पोट साफ करायला देतच नाहीत. ती मळ बांधते. जुलाब, मुरडा, आव यांवरचं ते औषध. कुटजारिष्ट आणि कुटजघन वटी ही आयुर्वेदिक औषधं याच सालीपासून होतात. बद्धकोष्ठावर घेतली तर पोट गच्चच होणार. पाकिटावर ‘अतिसार व आव यांसाठी, वैद्यांच्या सल्ल्याने’ असं मराठीतच छापलंय. त्रास अजून असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणखी कोणती जडीबुटी घेत बसू नका. हे मी दुकानदार असून सांगतोय.

आता कडूपणा. कुड्याची झाडं दोन, पांढरा आणि काळा. पांढऱ्या कुड्याची साल भुरकट, खरबरीत, वाकवली की कडकन तुटते, आणि तुकडा चघळला तर तोंड बराच वेळ कडू राहतं. औषधात हीच लागते, इंद्रजव म्हणजे याच झाडाचं बी. काळा कुडा दिसायला जवळचा, पण त्याची साल जिभेला फारशी लागत नाही. झाडावर शेंगा असतील तर ओळख सोपी: दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. बाजारात तुकडे करून पोत्यात आल्यावर कुठल्या शेंगा बघता! म्हणून पांढऱ्यात काळा मिसळून विकणं ही या धंद्यातली जुनी खोड. काळा कुडा वाईट नाही बरं, त्याच्या पानांचं तेल त्वचारोगावर वापरतात. पण आव पडत असताना तो पांढऱ्याच्या नावाने गळ्यात मारणं बरोबर नाही.

तुमची ती स्वस्त साल कोणती, हे न बघता मी सांगणार नाही. इतवारीत दुकानावर घेऊन या, आमच्या सालीशेजारी ठेवून दाखवतो. भावात मात्र फरक राहीलच, आम्ही पोतं चाखून घेतो आणि फिकं निघालं की परत पाठवतो. उघडलेलं पाकीट परत घेता येत नाही, बंद असेल तर पूर्ण पैसे मिळतील. रविवारी दुकान बंद असतं.