गरीब राहायचंय? कष्टाला पर्याय नाही!

तुमच्या देशाचं राहणीमान इतरांपेक्षा खालावलेलं असेल, तर आधी लोकांना आळशी ठरवून टाका. हे निदान फुकट असतं आणि त्याने कुणाची खुर्ची हलत नाही. फक्त आकडे कुणाच्या हाती लागू देऊ नका. मेक्सिकोतला कामगार वर्षाला दोन हजारांहून जास्त तास राबतो, जर्मनीतला साधारण 1350, आणि सुबत्ता मात्र जर्मनीत! कुणी हे दाखवलंच तर 'जर्मन लोक शिस्तीचे' म्हणून विषय मिटवा. शिस्त म्हणजे नक्की काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

कोरियाचा विषय तेवढा टाळा. भाषा एक, पूर्वज एक. 1945 साली नकाशावर रेघ ओढली तेव्हा जड उद्योग आणि वीज बहुतेक उत्तरेच्याच वाट्याला आली होती. आज दक्षिणेचं दरडोई उत्पन्न उत्तरेच्या वीसपटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. अगदीच अडलात तर हवामानावर ढकला.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. आदर्श म्हणून 1980च्या दशकातली पेरूची राजधानी लिमा घ्या. हर्नांदो दे सोतो या अर्थतज्ज्ञाच्या माणसांनी तिथे एक छोटासा शिवणकामाचा कारखाना रीतसर नोंदवायला घेतला. रोज सहा तास खेटे घालून 289 दिवस लागले. ज्याच्या पोटाला एवढी सवड नाही, तो बेकायदा शिवत बसतो. बेकायदा म्हणजे बँकेचं कर्ज नाही, मोठी ऑर्डर नाही, उद्याची खात्री नाही. माणूस दिवसरात्र राबतो आणि मशीन एकाची दोन होत नाहीत. आपल्याला हेच तर हवंय.

तरीही कुणी वाढलाच, तर धंदा घरातच ठेवायला सांगा. मुंबईजवळच्या काही कापड कारखान्यांत 2008च्या सुमारास संशोधकांनी सल्लागार पाठवले. त्यांनी काय शिकवलं? जागा झाडा, सुताचा साठा लिहून ठेवा, यंत्र बंद पडण्याआधी त्याची देखभाल करा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली! तेव्हा झाडू आणि वही या दोन घातक वस्तूंपासून सावध राहा. तिथेच असंही दिसलं, की धंदा किती पसरणार हे मालकाच्या हुशारीपेक्षा घरात पुरुष किती यावर ठरतं. बरोबरच आहे. परका मॅनेजर नेमला, त्याने हात मारला आणि कोर्टाचा निकाल नातवाच्या लग्नात लागला तर? त्यापेक्षा मुलगा होण्याची वाट पाहा.

नवी यंत्रं खुशाल आणा, कामाची जुनी मांडणी मात्र मोडू नका. अमेरिकेतल्या अनेक कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी विजेची मोटर बसवली. सगळी यंत्रं फिरवणारा वरचा लांबलचक दांडा तोच, पट्टेही तेच. विजेचा खरा फायदा दिसायला 1920चं दशक उजाडलं. तुम्ही अर्ज संगणकावर भरून घ्या, त्याची प्रिंट मागा आणि तिच्यावर शिक्का मारा.

जमिनीत तेल सापडलं तर यातलं काहीच करायला नको. तेलावर लोळूनही कंगाल झालेल्या व्हेनेझुएलाला विचारा.

एक धोका उरतोच, विमानतळाचा. तुमचा तो आळशी माणूस सीमा ओलांडतो आणि त्याच हातांनी, त्याच अकलेने कित्येक पटींनी कमावू लागतो. घाबरू नका. त्याने पाठवलेले पैसे मोजून घ्या आणि सुट्टीला आला की एखाद्या दाखल्यासाठी त्याला रांगेत उभं करा. चार दिवसांत पुन्हा आळशी दिसू लागेल.