वाहत गेले की हाकत नेले?

पॅसिफिकमधल्या बेटांबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचं सार असं: तिथे माणसं पोचली ती वाऱ्यापाण्याने वाहत, निव्वळ योगायोगाने. ताऱ्यांवरून होड्या हाकण्याची कथा नंतर रचलेली आहे. १९७६ साली हवाईहून ताहितीला गेलेली 'होकुलेआ' ही होडी म्हणजे प्लायवुड आणि फायबरग्लासची नौटंकी होती आणि तिला हाकायला माणूसही बाहेरचा आणावा लागला. आणि तैवानपासून हवाईपर्यंतचे, एकाच भाषाकुलातले म्हणवले जाणारे 'ऑस्ट्रोनेशियन भाऊबंद' ही तैवान सरकारने काढलेली टूम आहे.

यातल्या शेवटच्या दोन मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच सगळा मजकूर पटून जातो. ते तथ्य कुठे संपतं हे एकेक करून पाहू.

वाहत गेले

ही कल्पना कुणा अडाण्याची नाही. १९४७ साली थोर हायरडाल हा नॉर्वेचा संशोधक 'कॉन-टिकी' नावाच्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी रारोइया कंकणद्वीपाच्या खडकांवर आदळला. बेटांवरची वस्ती पूर्वेकडून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आली, असं त्याचं म्हणणं होतं. १९५६ मध्ये इतिहासकार अँड्र्यू शार्पने उलटा तर्क मांडला: लोक पश्चिमेकडूनच आले, पण लांबचे पल्ले चुकून, भरकटून गाठले गेले.

पहिली अडचण वाऱ्याची. त्या पट्ट्यात वर्षाचा बहुतेक काळ व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, प्रवाहही तसेच. वस्ती मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली. ओंडका वाहत जातो वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याच्या तोंडावर नाही. १९७३ मध्ये तीन संशोधकांनी वारे आणि प्रवाहांच्या नोंदी घालून संगणकावर एक लाखाहून जास्त होड्या 'वाहवून' पाहिल्या. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट गाठण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघाली.

मग पूर्वेकडे जायचं कसं? याचं उत्तर १७६९ सालीच नोंदलं गेलंय. ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचा जाणता तांडेल तुपाइया कॅप्टन कुकच्या जहाजावर होता. नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत पश्चिमेचे वारे येतात, तेव्हा आम्ही पूर्वेकडे निघतो, असं त्याने कुकला सांगितलं. शिवाय नेहमीच्या वाऱ्याविरुद्ध शोध घेण्यात शहाणपण आहे. बेट सापडलं नाही तर परतीला वारा पाठीशी असतो. वाऱ्याबरोबर निघालेल्याला परतणं अवघड.

दुसरी अडचण होडीतल्या सामानाची. वादळात भरकटलेल्या कोळ्याच्या होडीत जाळं असतं. बायका, डुकरं, कोंबड्या आणि अळूचे कंद नसतात. पॉलिनेशियातल्या नीरफणसाच्या बऱ्याच जाती बिनबियांच्या आहेत. त्या पक्ष्यांच्या पोटातून पसरत नाहीत की पाण्यावर तरंगत येत नाहीत. मुळाशी फुटलेलं रोप मातीसकट काढायचं, ओलं ठेवायचं, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून जपायचं आणि आठवडेच्या आठवडे सांभाळून न्यायचं. असं चुकून होत नसतं.

हायरडालच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. दक्षिण अमेरिकेशी संपर्क झाला होता. रताळं तिथूनच आलं, आणि २०२० च्या जनुकीय अभ्यासात इसवी सन १२०० च्या आसपास झालेल्या मिश्रणाच्या खुणा मिळाल्या. पण ती भेट होती. वसाहतीचं मूळ तिथे नाही.

ताऱ्यांची कथा नंतरची

हा मुद्दा घरच्या गच्चीवरून तपासता येतो, कारण हवाई आणि महाराष्ट्र साधारण एकाच अक्षांशावर आहेत. होनोलुलू २१ अंशांवर, नागपूरही २१ वर, मुंबई १९ वर.

मेच्या मध्यात, पावसाळी ढग यायच्या आधी, मुंबईत रात्री साडेनऊच्या सुमारास अगदी दक्षिणेला, क्षितिजालगत त्रिशंकू हा तारकासमूह उभा दिसतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यात ६ अंशांचं अंतर आहे. मुंबईत खालचा तारा क्षितिजापासून ८ अंशांवर, म्हणजे त्या अंतराहून थोडा जास्त वर असतो. नागपुरात तो जवळपास ६ वर येतो: दोन ताऱ्यांमधलं अंतर आणि खालच्या ताऱ्याची उंची सारखी. दक्षिणेकडून येणाऱ्या हवाईच्या तांडेलासाठी हीच खूण. दोन्ही अंतरं सारखी दिसली की आपण हवाईच्या अक्षांशावर आलो. यासाठी यंत्र नको, पसरलेला हात आणि बोटं पुरतात. त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकली तर स्वाती जवळजवळ थेट डोक्यावर असतो. स्वातीला हवाईयन भाषेत होकुलेआ म्हणतात; होडीचं नाव त्यावरूनच ठेवलंय. ताहितीच्या बेटसमूहावरून तसाच व्याध जातो.

अक्षांश असा कळतो. रेखांश कळत नाही, आणि इथेच नवशिक्याची चूक होते: तो सरळ बेटावर नेम धरतो. जाणता तांडेल मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला, पूर्वेला राहून वर येतो, अक्षांश मिळाला की पश्चिमेला वळतो. त्यामुळे बेट कोणत्या बाजूला आहे ही शंकाच उरत नाही. ढग असले तर लाटांवर विसंबायचं: लांबून येणाऱ्या दोन-तीन लाटांचे ताल होडीच्या झोल्यावरून ओळखायचे. शेवटच्या टप्प्यात पक्षी. पांढरा कुररी जमिनीपासून सुमारे २०० किलोमीटरपर्यंत मासे धरायला जातो आणि रात्री बेटावर परततो. संध्याकाळी तो ज्या दिशेने उडतो तिकडे जमीन. सकाळी मात्र तो जमिनीकडून समुद्राकडे निघालेला असतो. वेळ न पाहता त्याच्यामागे गेलं तर उलटीच दिशा पकडली जाते.

आज शिकवलं जातं ते ताऱ्यांचं होकायंत्र, म्हणजे क्षितिजाची प्रत्येकी सव्वाअकरा अंशांची ३२ घरं, हवाईचे तांडेल नाइनोआ थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकात बसवलं, हे खरं. पण मायक्रोनेशियातल्या कॅरोलिन बेटांवर ३२ बिंदूंचं वर्तुळ त्याआधीपासून होतं आणि मुलांना जमिनीवर खडे मांडून शिकवलं जायचं. त्यात घरं समान नाहीत, कारण ती ताऱ्यांच्या उगवतीमावळतीवरून ठरतात.

प्लायवुडची नौटंकी आणि बाहेरचा तांडेल

होकुलेआ प्लायवुड, फायबरग्लास आणि रेझिनचीच आहे. हे कुणी लपवलेलं नाही. ८ मार्च १९७५ रोजी पाण्यात उतरलेली ही १९ मीटरची सांगड, दोन होड्या आडव्या वाशांना दोरांनी बांधलेली. प्रश्न लाकडाचा नव्हताच. असा आकार, असं शीड वाऱ्याशी साधारण ७५ अंशांचा कोन धरून चालतं का, आणि यंत्राशिवाय ती नेता येते का, एवढंच तपासायचं होतं. १ मे १९७६ ला ती हवाईतल्या माउई बेटाहून निघाली. ताहिती माउईच्या सुमारे ७ अंश पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. ३१ व्या दिवशी माताइवा बेट दिसलं, ४ जूनला ताहितीचं बंदर पापेएते.

परतीला यंत्रं वापरली, हेही खरं. मात्र त्याचं कारण विद्येत नव्हतं. खलाशांमधली भांडणं पाहून होडीचे तांडेल माउ पियाइलुग वैतागून घरी निघून गेले होते. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन यांनी जाऊन-येऊन दोन्ही फेऱ्या यंत्राशिवाय केल्या, तेव्हा तो आक्षेप संपला. मजकुरात १९८० चा उल्लेख नाही. १९७८ चाही नाही, आणि आक्षेपच घ्यायचा तर तो तिथे होता. त्या मार्चमध्ये जड भरलेली होडी वादळी वाऱ्यात निघाली, एका बाजूच्या होडीत पाणी शिरलं आणि हवाईतल्या मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला ती उलटली. मदत आणायला सर्फबोर्डवरून निघालेले खलाशी एडी आइकाऊ परत आले नाहीत. त्यानंतर माल किती भरायचा, कुठल्या हवेत निघायचं, सोबतीला दुसरी बोट कशी ठेवायची, सगळं नव्याने बसवलं गेलं.

राहिला बाहेरचा तांडेल. माउ हवाईचे नव्हते, मायक्रोनेशियातल्या सातावालचे होते. म्हणजे हवाईतली परंपरा तुटली होती, आणि हवाईकर हे स्वतःच सांगतात. सातावालची होडी वेगळी असते. आपल्या कोकणात, गोव्यात छोट्या होडीला बाजूला ओंडका बांधतात ती उलांडी. तशीच त्यांची, पण ती कायम वाऱ्याच्या अंगाला ठेवायची. दिशा बदलताना होडी वळवत नाहीत, शिडाचं टोक उचलून दुसऱ्या टोकाला नेतात आणि नाळ मागची बाजू होते. हे करताना उशीर झाला तर शीड उलट फुगतं, उलांडी पाण्याखाली दाबली जाते, डोलकाठी आडवी होते. एवढा फरक असूनही तारे, लाटा आणि पक्षी तेच, म्हणून विद्या एकीकडून दुसरीकडे नेता आली. १९९० च्या दशकात लाकडाची 'हवाईलोआ' बांधायला घेतली तेव्हा हवाईत पुरेसं मोठं कोआचं झाडच मिळेना, अलास्कातल्या आदिवासींनी स्प्रूसचे दोन ओंडके दिले. २००७ मध्ये माउंनी सातावालला पाच हवाईकरांना 'प्वो' ही तांडेलाची दीक्षा दिली. हवाईकरांनी त्यांना 'आलिंगानो माइसू' ही नवी होडी बांधून दिली. अशी देवाणघेवाण असलेल्या परंपरेला मेलेली कशी म्हणायचं?

तैवानची टूम

तैवानला या नात्याचा राजकीय फायदा आहे, यात शंका नको. पॅसिफिकमधले काही मोजके देशच तैवानला मान्यता देतात, त्यामुळे परिषदा आणि नाचगाण्यांवर पैसा खर्च होतो. पण बेटांना एकत्र आणणारा पॅसिफिक कला महोत्सव १९७२ मध्ये फिजीत सुरू झाला, तो बेटांच्या स्वतःच्या पुढाकाराने.

नातं मात्र सरकारांहून जुनं आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीत ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाच्या दहा मूळ शाखा आहेत. त्यातल्या नऊ फक्त तैवानच्या आदिवासींमध्ये सापडतात, आणि मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंतचा बाकी सगळा पसारा उरलेल्या एका शाखेत येतो. 'सात' घ्या: तागालोगमध्ये पितो, मलागासीत फितु, माओरीत फितु, हवाईयनमध्ये हिकु. प चा फ, फ चा ह, त चा क. हा बदल नियमाने होतो, एका शब्दापुरता नाही. सालीचं कापड ज्यापासून करतात त्या कागदी तुतीचा २०१५ चा जनुकीय अभ्यासही दक्षिण तैवानपर्यंतच नेतो.

आणि सरकारी सीमेने उलट नुकसानच केलंय. तैवानच्या लान्यू बेटावरचे ताओ आणि फिलिपिन्सच्या बातानेस बेटांवरचे इवातान यांच्या भाषा सख्ख्या बहिणी. ताओंची 'तातला' होडी खिळ्याशिवाय, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडून होते. पुढेमागे वर वळलेली टोकं, अंगावर तांबडा-पांढरा-काळा रंग आणि नाळेवर डोळा. दोन बेटसमूहांच्या मधलं पाणी हवाई-ताहितीच्या मानाने ओढ्याएवढं. पण ते आता दोन देशांत वाटलं गेलंय, आणि तातलेत बसून सख्ख्या भाषेच्या माणसाला भेटायला निघालेल्या ताओला आधी पासपोर्ट शोधावा लागतो.