दीड बाय दोनची गादी

काल रात्री नंदुरबारहून विहीणबाईंचा फोन आला. आवाजात गूळ होता, पण दाताखाली खडा लागत होता. "आम्हाला परक्यासारखं बाहेरून कळावं का हो? गादीसुद्धा भरायला घेतली म्हणे तुम्ही!"

ती गादी नव्हती. ती फळी होती. गेल्या चार दिवसांत हे मी वीस जणांना तरी सांगितलं असेल. आता पुन्हा सांगते, कारण राग अजून उतरलेला नाही.

आमच्या घरात लाईटबिल फ्रिजवर, गॅसचं पुस्तक देव्हाऱ्यामागे आणि लग्नपत्रिका टीव्हीखाली राहतात. कुठलं काय कुठे आहे, हे फक्त मला ठाऊक. मी माहेरी गेले की ह्यांचे दिवसाला सहा फोन. तेव्हा लेकीनं पुण्याहून एक फोटो पाठवला: सॉफ्टबोर्डवर कापसाचा पातळ थर, वरून कापड, त्यावर तिरप्या ताणलेल्या फिती आणि फिती एकमेकींना छेदतात तिथे पितळी डोक्याचा खिळा. कागद नुसता फितीखाली सरकवायचा. टाचणी नको, भिंतीला भोकं नकोत. म्हटलं, करू.

कापडाची चिंता नव्हती. ज्या घरात बाई आहे त्या घरात ब्लाऊजपीस आहेत, आणि त्यांतला एकही शिवायच्या लायकीचा नाही. ओटीत येतात, ओटीत जातात. एक जांभळा पीस तर मी स्वतः दिलेला, चार वर्षांनी गावभर फिरून माझ्याच पदरात परत आला. घडीवरचा हळदीचा डाग ओळखीचा होता. तोच घेतला. पीस ऐंशी सेंटिमीटरचा. अठरा बाय चोवीस इंची फळीला मागे दुमडायला तीन-तीन इंच सोडूनही पुरतो. निदान त्याची यात्रा तरी संपली.

कापूस पिंजून आणला तेव्हाच दुकानदार हसून म्हणाला होता, "तान्ह्याची का?" मी लक्ष दिलं नाही. चूक तिथेच झाली.

धुळ्याचा मे महिना. दिवसा पंख्याखालीसुद्धा घामानं कापड हाताला चिकटतं, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसले. फळीवर कापूस पसरला आणि फाटक वाजलं. जिभाऊ. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण चौकशीची ड्यूटी अजून चालू आहे.

"वहिनी, हाई काय करी ऱ्हायनात?"

"बोर्ड करतेय, जिभाऊ."

ते वाकले. कापसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कापसाकडे. "बोर्डले कापूस कसाले?"

"मऊ दिसावा म्हणून. यावर बिलं, पत्रिका ठेवायच्या."

"कागदं झोपतीन का तेन्हावर?"

मी फितीचं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुट्टे पैसे नसलेल्या प्रवाशाचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "तार शे ना घरमा? टोची द्या नि मोकळा व्हा." तार म्हणजे तो जुना वाकडा आकडा, ज्यात पंचवीस वर्षांची बिलं माशासारखी ओवलेली असतात आणि हवं असलेलं नेहमी सगळ्यात खाली असतं.

मी कापड ताणायला घेतलं. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंचे मध्य पक्के करायचे, मग उरलेल्या दोन बाजूंचे, कोपरे शेवटी. नाहीतर कापडाला तिरप्या चुण्या पडतात. हे मी मनात घोकत होते, एवढ्यात जिभाऊंनी सरळ एक कोपरा धरला. म्हणाले, टपावरच्या बोचक्यांना दोर बांधण्यात तीस वर्षं गेली आहेत. एवढा ओढला की समोरच्या बाजूच्या पिना टपाटप उडून तुळशीत पडल्या, कापूस गोळा होऊन एका टोकाला गेला आणि फळीला उशी आली.

"आते कशी गादी दिसस!" ते खूश झाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "पोरगीले कितवा महिना?"

मी म्हटलं, "जिभाऊ, तसं काही नाही." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ 'तसंच आहे, पण अजून तीन महिने झाले नाहीत' असा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं न मागता अर्धा लिटर जास्त घातलं. कोपऱ्यावरच्या काकूंनी जुन्या मऊ सुती साड्या आणून दिल्या, दुपट्यांसाठी. आणि चौथ्या दिवशी बातमी नंदुरबारला. आमच्या एसटीला हा वेग मिळाला असता तर जिभाऊ बढतीवर निवृत्त झाले असते.

हसले मी. पण लेकीला फोन केला तेव्हा ती हसली नाही. लग्नाला दोन वर्षं झाली. दर सणाला तेच विचारतात, म्हणाली, आणि आता तूही गादी भरलीस. तिला नव्या नोकरीत बढती मिळाली, तेव्हा गल्लीतल्या एकानंही पेढे मागितले नव्हते. ते पेढे मी स्वतः वाटत फिरले होते, आणि काकूंनी पेढा तोंडात टाकताच "मग, पुढची बातमी?" म्हणून विचारलं होतं. त्या साड्या मी परत करणार होते. अजून केल्या नाहीत. फरशी पुसायला बऱ्या आहेत.

फळी मात्र पूर्ण केली. सगळं उसवून, कापूस पुन्हा पसरून, जिभाऊ दुपारची झोप काढत असताना. आज सकाळी दिवाणखान्यात टांगली. ह्यांनी पाहिली, छान म्हणाले आणि विचारलं, "लाईटबिल कुठंय?" ते त्यांच्या नाकासमोर होतं.

जिभाऊ आलेच. बराच वेळ पाहत उभे राहिले, मग खिशातून स्वतःचं लाईटबिल काढून माझ्या फितीत खोचलं. "आमना घरमा सापडत नही."

मग बोटानं कापड दाबून पाहिलं.

"गादी मस्त व्हयनी, वहिनी."