"जुने हिरो सगळं स्वतः करायचे" म्हणे!

परवा दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'ओरिजिनल ते ओरिजिनल! ॲक्शन पिक्चरची ५ कटू सत्यं.' खाली आगीचे इमोजी आणि 'खऱ्या सिनेमाप्रेमींनीच शेअर करा'. असले फॉरवर्ड रोज येतात आणि मी वाचून सोडून देतो, पण ह्या वेळी झालं असं की भाचा, वय वर्षं चौदा, फोनवर मला ऐकवतोय, "मामा, वायर लावून काय कोणीही उडेल, जुने लोक बिनवायरचे उडायचे, ते खरे!" आणि मग ताईकडून कळलं की साहेबांनी मित्राला मोबाईल धरायला लावून जिन्याच्या अर्ध्यातून खाली उडी मारलीये. पाऊल मुरगळलं, तेवढ्यावर निभावलं. म्हणून हे लिहितोय. दाजी, राग मानू नका, पण हे ग्रुपवर तुम्हीच आणलंत.

फॉरवर्डमधली पाच सत्यं अशी. एक, रिमेक किंवा सिक्वेल मूळ पिक्चरला कधीच मागे टाकत नाही. दोन, जुने हिरो सगळे स्टंट स्वतः करायचे, ना वायर ना जाळी, आताचे नुसते हिरव्या पडद्यासमोर हातपाय हलवतात. तीन, पूर्वी रिमेक नव्हते, आता कल्पना संपल्या म्हणून निघतात. चार, सिक्वेल पैशासाठी काढतात आणि तोही बुडतो. पाच, जुन्या ॲक्शनला गोष्ट होती, आता नुसता धुरळा.

तिसऱ्यापासून सुरू करतो, तो लगेच निकालात निघतो. 'पूर्वी' म्हणजे नक्की कधी? 'बेन-हर' १९०७ साली निघाला, १९२५ ला परत निघाला, १९५९ ला परत. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन समुराय' १९५४ चा, त्याचा अमेरिकन 'मॅग्निफिसंट सेव्हन' १९६० ला तयार. त्याच कुरोसावाचा 'योजिंबो' १९६१ चा, त्यावरून इटलीत सर्जिओ लिओनीने १९६४ ला 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला आणि तोही न विचारता, मग जपानी कंपनीने कोर्टात खेचलं आणि कमाईचा १५ टक्के वाटा घेतला. म्हणजे क्लिंट ईस्टवूडला ज्या पिक्चरने स्टार केलं तो पिक्चर रिमेक, आणि तोही चोरून केलेला. आणि दाजींचा लाडका 'शोले', गावाच्या रक्षणासाठी बाहेरून लढवय्ये आणायचे, ही गोष्ट कुठल्या घराण्यातली आहे ते मी सांगायला नको. 'शोले' मलाही आवडतो, विषय तो नाहीये. शिवाय १९७५ ला थिएटरात जो शेवट दाखवला तोसुद्धा ओरिजिनल नव्हता, मुळात ठाकूर गब्बरला मारून टाकतो असं शूट केलं होतं, सेन्सॉरमुळे पोलीस आणावे लागले. तेव्हा ओरिजिनल ओरिजिनल म्हणताना जरा जपून.

पहिला मुद्दा. 'कधीच' हा शब्द ज्याने लिहिला त्याने 'टर्मिनेटर २' बघितलेला नाही किंवा बघून विसरलाय. जेम्स कॅमेरॉनचा पहिला 'टर्मिनेटर' १९८४ चा, चांगलाच आहे, कमी पैशात केलेला घट्ट पिक्चर. पण १९९१ चा दुसरा लोकांनी डोक्यावर घेतला तो उगीच नाही. 'एलियन्स' (१९८६) बद्दल भांडण होऊ शकतं, कारण पहिला भयपट आणि दुसरा युद्धपट, दोन्हीची जात वेगळी. पण 'बेन-हर'बद्दल होऊ शकत नाही. १९५९ चा रिमेक ११ ऑस्कर घेऊन गेला आणि आज रथांची शर्यत म्हटलं की तीच आठवते. गंमत म्हणजे त्याचा दिग्दर्शक विल्यम वायलर हा १९२५ च्या 'बेन-हर'च्या सेटवर साहाय्यक म्हणून राबलेला. आपल्याकडे 'अग्निपथ' घ्या. १९९० चा अमिताभचा पडला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तरी पब्लिकला तो बदललेला आवाज पचला नाही, आणि २०१२ चा हृतिकचा चालला. मला विचाराल तर मला अजून जुनाच आवडतो, पण 'कधीच' म्हणायची सोय राहिली नाही ना.

आता दुसरा. ह्यावर मी सगळ्यात जास्त चिडलोय.

'जुने हिरो सगळे स्टंट स्वतः करायचे.' कोण? नावं सांगा. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) मधली ती मोटरसायकलची कुंपणावरून उडी, स्टीव्ह मॅकक्वीनचं पोस्टरच आहे ते, ती उडी त्याने मारलेलीच नाही, त्याच्या मित्राने मारली, बड एकिन्सने. मॅकक्वीन गाडी उत्तम चालवायचा, बाकी बरंचसं त्याने स्वतः केलं, हे मान्य. पण ती उडी एकिन्सची. 'बेन-हर'च्या शर्यतीत रथ उसळतो आणि माणूस पुढे फेकला जातो, तो हिरो चार्लटन हेस्टन नाही, जो कॅनट नावाचा स्टंटमन आहे, आणि ते तसं ठरलेलंही नव्हतं, तो खरोखरच फेकला गेला, हनुवटी फुटली, मग तोच शॉट ठेवला आणि हेस्टन परत रथात चढतोय एवढं जोडलं. हेस्टन रथ हाकायला शिकला होता, बरंच स्वतः हाकलंही, तेही मान्य. १९८१ चा पहिला इंडियाना जोन्स, ट्रकखालून जाऊन मागे फरफटत जातो ना, तो टेरी लिओनार्ड. आणि 'शोले', परत 'शोले', बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा पाठीमागून दिसते ती हेमा मालिनी नाही, रेश्मा पठाण आहे. फॉरवर्डवाल्याने हिरोचं कौतुक करता करता ज्यांनी खरंच हाडं मोडून घेतली त्यांचीच नावं पुसून टाकली. तसंही ती कुठे फार लिहिली गेली होती म्हणा. ऑस्कर १९२९ पासून देतायत आणि स्टंटसाठी पहिलं स्पर्धेतलं ऑस्कर मिळणार आहे २०२८ साली.

आणि 'ना वायर ना जाळी' हे अभिमानाने सांगताय त्याचा अर्थ काय होतो ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो, कारण हा एकच माणूस ओरिजिनल आणि सिक्वेल दोन्हीकडे उभा आहे. गाय नॉरिस. ऑस्ट्रेलियन. १९८१ च्या 'मॅड मॅक्स २' मध्ये, म्हणजे 'रोड वॉरियर'मध्ये, तो २१ वर्षांचा स्टंटमन होता. शेवटच्या पाठलागात एक मोटरसायकल मोडक्या गाडीवर आदळते आणि माणूस हवेत गरागरा कोलांट्या खात जातो, तो नॉरिस. ठरलं होतं ते असं की त्याने गाडीवरून सरळ उडून पलीकडे खोक्यांच्या ढिगात पडायचं. पाय गाडीला लागले, म्हणून त्या कोलांट्या. मांडीचं हाड मोडलं. शॉट पिक्चरमध्ये आहे, आपण सगळ्यांनी तो 'काय भारी' म्हणून बघितलाय, मीही. म्हणजे आपण ज्याला जुन्या पिक्चरचा अस्सलपणा म्हणतो तो एका पोराचा चुकलेला स्टंट आहे.

चौतीस वर्षांनी त्याच मालिकेतला 'फ्युरी रोड' आला, २०१५ ला, दिग्दर्शक तोच जॉर्ज मिलर, आणि सगळ्या स्टंटचा प्रमुख कोण, तर हाच गाय नॉरिस. त्यात ती उंच खांबांवर डोलणारी माणसं आहेत ना, जी चालत्या गाडीवरून दुसऱ्या गाडीवर झेपावतात? मिलरला वाटलं होतं हे जिवावरचं काम आहे, कॉम्प्युटरवरच करावं लागेल. नॉरिसच्या टीमने खांबांना खालून वजन लावून, माणसांना पट्टे बांधून, तालीम करकरून ते चालत्या गाड्यांवर खरंच करून दाखवलं. ज्याचं स्वतःचं हाड मोडलं त्याने पुढच्यांसाठी पट्टे बांधले, ह्याला भित्रेपणा म्हणायचं?

बरं, कॉम्प्युटर नव्हता असंही नाही. 'फ्युरी रोड'मध्ये सुमारे २००० व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर फेरफार केलेले, शॉट आहेत. 'सगळं खरं, ग्राफिक्स शून्य' असं त्याच्याबद्दल फिरवतात तीही थापच. पण त्यातलं बरंचसं काम हे पुसायचं काम आहे, वायर पुसा, पट्टे पुसा, गोष्टीत अर्धा हात नसलेल्या नायिकेचा तेवढा हात पुसा, आकाश बदला. आणि वायर पुसता येते म्हणूनच माणसाला वायर लावता येते, एवढं साधं आहे हे! पूर्वी जाड वायर लावली तर पडद्यावर दिसायची, म्हणून एक तर बारीक लावायची नाही तर देवाचं नाव घ्यायचं. २०११ च्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये टॉम क्रूझ बुर्ज खलिफाच्या बाहेर लटकला तो खरा लटकला, वायर लावून, आणि त्या वायर नंतर पुसल्या. पुढे २०१७ मध्ये ह्याच मालिकेच्या सहाव्या भागासाठी एका गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला आणि शूटिंग कित्येक आठवडे बंद पडलं. तेव्हाही वायर होती. हे भाच्यासाठी खास लिहितोय. वायर लावून, माणसं दोर धरून उभी असताना, रोज सराव करणाऱ्याचा घोटा मोडतो. तू जिन्यात काय लावलं होतंस, स्लिपर?

बिनसंरक्षणाचे दिवस एवढे सोनेरी वाटत असतील तर १९८६ च्या 'टॉप गन'चा शेवट बघा, पिक्चर आर्ट शोल नावाच्या वैमानिकाला अर्पण केलाय. कॅमेरा घेऊन विमान गिरक्या खात खाली आणायचं होतं, ते सावरलंच नाही, समुद्रात गेलं. आणि त्या ओरिजिनलमध्ये नटांचे कॉकपिटमधले बरेचसे शॉट जमिनीवर बांधलेल्या कॉकपिटात घेतलेत. उलट २०२२ च्या सिक्वेलमध्ये नट खरोखर लढाऊ विमानात मागच्या सीटवर बसून वर गेले, पुढे नौदलाचे वैमानिक. मग खरं कोणतं आणि खोटं कोणतं, लावा हिशोब.

चौथा मुद्दा ह्याच पिक्चरवर संपतो. मूळ 'टॉप गन'ची जगभरची कमाई साधारण ३५ कोटी डॉलर, सिक्वेलची १४९ कोटीच्या आसपास. महागाई धरली तरी मूळ मागेच. आणि पैशासाठी काढतात म्हणे! पहिला भाग काय दानधर्म म्हणून काढला होता?

राहिला पाचवा. इथे मला थोडं गप्प बसावं लागतंय, कारण अगदीच खोटं नाहीये ते. 'रोबोकॉप' परत केला २०१४ ला, 'पॉइंट ब्रेक' २०१५ ला, 'टोटल रिकॉल' २०१२ ला, तिन्ही गुळगुळीत, तिन्ही बघून उठलो आणि पार्किंगमध्ये येईपर्यंत विसरलो. 'डाय हार्ड' १९८८ चा किती नेटका, एक इमारत, एक रात्र, पायात बूट नसलेला माणूस आणि फुटलेल्या काचा, आणि २०१३ चा पाचवा भाग बघा, बघू नका खरं तर. ज्या 'बेन-हर'चं मी वर एवढं कौतुक केलं तोच २०१६ ला परत काढला आणि आपटला. फक्त त्यातही एक गोम आहे, १९८८ साली 'डाय हार्ड'सोबत जे पन्नास टुकार मारधाडपट आले ते आपल्याला आठवतच नाहीत, आणि आजचे टुकार मात्र मोबाईल उघडला की समोर. जुन्यातलं गाळून उरलेलं एकीकडे आणि आजचं न गाळलेलं दुसरीकडे, अशी तुलना चाललीये.

पण दाजी, 'शोले'चा रिमेक 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) च्या बाबतीत फॉरवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. तिथे माझं काहीच म्हणणं नाही, तिकीट माझं होतं.