कोणते अमीर खाँ, हे आता पुरे

इंदूरचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचे नाव काढले की "कोण, ते लगानवाले?" असे विचारून सर्वांच्या आधी स्वतःच हसणाऱ्या मंडळींचा मला मनापासून वीट आला आहे. २००१ साली हा विनोद मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो चित्रपट नुकताच लागला होता आणि मी भिडेखातर हसलो होतो. त्या एका हसण्याचे व्याज मी आजतागायत फेडतो आहे.

आमच्या रविवारच्या पोहे-जिलेबीच्या कंपूचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यात निम्मे क्रिकेटवेडे आहेत, निम्मे गाण्याचे भोक्ते आहेत आणि दोघांचीही जीभ पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यासारखी चरचरीत आहे. गेल्या आठवड्यात, बरोबर दिवेलागणीला, म्हणजे मारवा जेव्हा ऐकावा तेव्हा, मी उस्तादांचा मारवा राग त्या गटावर टाकला. १९६० साली निघालेल्या त्यांच्या रेकॉर्डवरचा, जिच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे, तोच हा मारवा. ती बाजू वाजून संपायला वीसेक मिनिटे लागतात आणि पहिली पाच मिनिटे तर नुसती आसनावर बसण्यासाठीच असतात. दुसऱ्याच मिनिटाला पहिला शेरा आला: "मिस्टर परफेक्शनिस्ट गातातही वाटतं?" लगेच दुसऱ्याने पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर मनात धरून विचारले, "२०१७च्या फायनलमध्ये ओव्हलवर रोहित, धवन आणि कोहलीला यानेच गुंडाळलं ना?" तिसऱ्याने मुष्टियुद्धाचे हातमोजे चिकटवून बोल्टनच्या आमिर खान नावाच्या त्या पोराची आठवण काढली, ज्याने सतराव्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले होते. मग कोणाला तरी 'आमिर इलेव्हन' काढण्याची लहर आली. मारव्यातला कोमल ऋषभ हा स्वर अजून नीट लागायचा होता, तोवर संघ जाहीरही झाला, आणि उस्तादांना बारावा खेळाडू म्हणून पाण्याच्या बाटल्या वाहण्याचे काम देण्यात आले.

ज्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी सारंगी वाजवत आणि ज्यांच्या गायकीला या शहराचे नाव देऊन लोक आजही इंदूर घराणे म्हणतात, त्यांना इंदूरच्याच लोकांनी पाणी वाहायला पाठवावे, याचा संताप मी कोणत्या शब्दांत व्यक्त करू? लता मंगेशकरही याच शहरात जन्मल्या, पण 'कोणत्या लता?' असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही. फोनला तोंडी सांगून उस्तादांचे गाणे मागितले की तो हटकून एखादे सिनेमाचे गाणे लावतो, तेही मी सोसतो. यंत्राला कान कुठून असणार? परंतु ज्यांना कान आहेत, आणि जे सुगम संगीताच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून माना डोलावतात, त्यांना माफी का द्यावी?

बरे, या विनोदाची सर्वांत मोठी गोची अशी की तो मुळात बसतच नाही. नट आमिर, गोलंदाज आमिर आणि मुष्टियोद्धा आमिर ही तिन्ही नावे उर्दूत ऐन या अक्षराने सुरू होतात आणि त्यांचा अर्थ भरभराटीचा, आबाद करणारा असा आहे. उस्तादांचे अमीर अलिफ या अक्षराने सुरू होते. त्याचा अर्थ सरदार. ही दोन निरनिराळी नावे केवळ रोमन लिपीच्या कृपेने एकसारखी दिसतात. आपल्या देवनागरीत तर एकात 'आ' आहे आणि 'मि' ऱ्हस्व, दुसऱ्यात 'अ' आहे आणि 'मी' दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घापायी शाळेत छड्या खाल्लेल्या मराठी माणसांनी तरी हा घोटाळा करू नये.

थट्टेला माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. थट्टा करायचीच, तर सामग्री हाताशी आहे. राहुल द्रविडचा जन्मही इंदूरचाच. २००८ साली सिडनीला तो अठरा धावांवर चाळीस चेंडू थांबला आणि मग एक धाव काढली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना आमच्या गटातल्या लोकांचा जीव असाच टांगणीला लागतो. दोघांनाही इंदूरच्या पाण्याने घाई न करण्याचा गुण दिला, असे कोणी म्हटले असते तर मी स्वतः त्याला जिलेबी खाऊ घातली असती. पण त्यासाठी दोघांचेही काही ऐकलेले-पाहिलेले असावे लागते. नाव जुळवायला काहीच लागत नाही.

आणि नावच जुळवायचे होते, तर खरा अमीर या अकरांच्या संघात कोणालाच का आठवला नाही? कवी अमीर खुसरो हे तेच अलिफचे अमीर, तेही गाण्यातले. 'तोम', 'तनन' अशा बोलांनी गायच्या तराण्याचे जनकत्व परंपरेने त्यांच्याकडे जाते, आणि तराण्यातले बोल निरर्थक नसून त्यांना फारसी अर्थ आहे, असे मानून त्यावर वर्षानुवर्षे विचार करणारे गायक म्हणजे आमचे उस्ताद. एका अमीराने दुसऱ्या अमीराच्या शब्दांत गावे, याहून सुंदर नामसाम्य कोणाला सुचणार आहे?

हे सगळे मी त्या संध्याकाळी गटावर लिहिले. ऐन आणि अलिफ समजावले, तराण्याविषयी चार ओळी लिहिल्या, आणि लिहिण्याच्या नादात मारवा कधी संपला हेही मला कळले नाही. पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मला वाटले, मात्रा लागू पडली. मग एकाने विचारले, "भिया, तो सगळा लेख राहू द्या, हा खुसरो कितव्या नंबरला बॅटिंग करतो?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी गट बंद केला आणि मारवा पुन्हा पहिल्यापासून लावला. तोवर बाहेर पुरता काळोख झाला होता आणि मारव्याची वेळ टळून गेली होती.