‘पागलखान्यात नेले की माणूस संपला’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मनाचे आजार शहरातल्या रिकाम्या लोकांना होतात, कास्तकाराला नाही, आणि झालेच तर ती करणी असते; नागपूरच्या पागलखान्याखेरीज कुठे इलाज नाही आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही; डॉक्टर नुसत्या झोपेच्या गोळ्या देतात आणि त्या जन्मभर सुटत नाहीत; एकदा नाव सरकारी कागदावर चढले की पोलीस मागे लागतात आणि घरातल्या सोयरिकी मोडतात. सबब गोष्ट घरातच ठेवावी आणि आधी ‘जाणकारा’कडे (म्हणजे मांत्रिकाकडे) न्यावे. यातल्या बहुतेक विधानांच्या बुडाशी कोणाचा तरी खरा अनुभव असतो, म्हणूनच संदेश पटतो आणि पुढे पाठवला जातो.

पहिला मुद्दा लवकर निकाली निघतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या पाहणीत १४.६ टक्के प्रौढांमध्ये नैराश्य आढळले, म्हणजे साधारण सात जणांमागे एकात. त्यांपैकी मदत घेतलेले होते जेमतेम ४.३ टक्के. स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन लोकांशी या विषयावर बोलणे सुरू झाल्यावर दीड वर्षाने मदत घेणाऱ्यांचे हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आजार गावात होताच, विचारणारे कोणी नव्हते. अर्थात, गोळीने कर्ज फिटत नाही आणि नापिकी टळत नाही, हे कास्तकाराला कोणी शिकवायला नको. पण रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाला बँकेच्या नोटिशीला तोंड देणेही जमत नाही.

करणीबद्दल एवढेच, की देवाला जायला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती खाटेला दोराने बांधण्याला, मिरचीची धुरी देण्याला, अंगातले भूत काढतो म्हणून चाबकाने मारण्याला. आणि ही हरकत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा दर्ग्याच्या आसऱ्याने आणून साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे.

आता मुख्य मुद्दा, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे, पण विदर्भातला पहिला दरवाजा ते नव्हे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा असते आणि त्याच कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांत जाते. हा वार जिल्ह्यागणिक वेगळा असल्यामुळे घरून निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे, नाहीतर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. याशिवाय सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला येथील वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मनोविकार विभाग आहेत. कुठे जायचे हेच कळत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, फोन चोवीस तास आणि मोफत लागतो, मराठीतून बोलता येते आणि रुग्ण स्वतः बोलायला तयार नसला तरी घरच्यांनी फोन केलेला चालतो.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांसमोर वेळ थोडा मिळतो, म्हणून घरीच एका कागदावर लिहून न्यावे: झोप कधीपासून तुटली, जेवण सुटले का, एकटाच कोणाशी बोलतो का, अंगावर धावून जातो का, मरणाची भाषा करतो का, दारू किती. पूर्वी कोणी दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाने पिशवीत टाकावीत. ‘पांढरी गोळी होती’ यावरून डॉक्टरांना काहीच उमगत नाही. मरणाची भाषा असेल तर फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून आणि वावरातल्या खोपडीतून हलवावे आणि कुलपात ठेवावे.

माणूस परत येत नाही, ही भीती जुन्या काळाच्या आठवणींतून आली आहे. त्या काळी कित्येकांना आणून सोडले जाई आणि मग न्यायला कोणी येत नसे. हा दोष भिंतींइतकाच नातेवाइकांचाही होता. आजच्या कायद्याप्रमाणे रुग्ण स्वतः दाखल होऊ शकतो, आणि नातेवाइकांच्या मदतीने दाखल करायचे झाल्यास पहिली मुदत कमाल ३० दिवसांची असते. बहुतेकांना मुळात दाखल व्हावेच लागत नाही. डॉक्टर अपुरे आहेत, औषधे कधी कधी संपलेली असतात आणि बाहेरून आणायला सांगितली जातात, ही तक्रार मात्र रास्त आहे. ती आरोग्य खात्याकडे करायची असते, त्यासाठी रुग्णाला घरात कोंडून काय उपयोग?

गोळ्यांबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानातून महिनोन् महिने घेत राहणे धोक्याचे आहे. पण नैराश्याची औषधे त्या वर्गातली नाहीत. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात ‘फरक नाही’ म्हणून ती बंद केली जातात. स्किझोफ्रेनियाच्या (भास आणि भ्रम होण्याच्या आजाराच्या) औषधांनी अंग जड होणे, लाळ गळणे, वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. ते सांगितले तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात. काहींना औषध काही महिने पुरते, काहींना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या आजोबांना कोणी निकामी म्हणत नाही.

राहिला कागद. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर खटला चालवायचा नसतो, त्यामुळे विष घेतलेल्याला पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेणे हा जिवाशी खेळ आहे. सोयरिकीच्या भीतीला कायद्याचे उत्तर नाही, हे खरे. तरी लपवून लग्न लावले आणि सासरी गोळ्या बंद झाल्या, तर पुढे जे होते ते आधी सांगण्यापेक्षा नक्कीच महाग पडते. उलट, आजार दीर्घकाळ टिकून कामधंदा सुटला असेल, तर हाच कागद कामी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की सवलतींचा मार्ग खुला होतो, आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करताना तेच जोडता येते. अर्ज अडवला गेला, तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.