गोरखचिंचेची नोंद घेताना

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील गोरखचिंच (बाओबाब) या वृक्षावरचा एक लेख वाचला. त्यात खोडाचा घेर आणि अंदाजे वय दिले आहे, याचे समाधान वाटले. मात्र घेर जमिनीपासून किती उंचीवर आणि कोणत्या महिन्यात मोजला, हे सोबत लिहायलाच हवे. मूळचा आफ्रिकेतला हा वृक्ष खोडाच्या मऊ लाकडात पाणी साठवतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या मापांत फरक पडू शकतो आणि पुढच्या नोंदकर्त्याला तो फरक चुकून वाढ किंवा ऱ्हास वाटू शकतो. शिवाय जुन्या गोरखचिंचेचे एकसंध दिसणारे खोड पुष्कळदा अनेक खोडे जुळून झालेले असते. नुसत्या घेरावरून वय काढणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा त्या काळातला लागवडीचा एखादा कागद मिळाला, तर तो कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाचा ठरेल. छायाचित्रेही दोन हवीत, एक निष्पर्ण असतानाचे आणि एक पाने भरल्यावरचे. खोडावर कोरलेली नावे, ढोली आणि बुंध्याला भिडलेले काँक्रीट यांची नोंद कृपया वगळू नये.